नहेम्याचा अर्ज : सार्वजनिक कामासाठीं अनुदान मागण्याविषयीं पाठ

शास्त्रपाठ : नहेम्या अध्याय १ ते ३, २ राजे १२:४–१५, एज्रा ८:२४–३४, २ करिंथ ८:१६–२१.



सिंदेवाहीच्या आजूबाजूचा मुलूख तळ्यांचा व जंगलाचा आहे. धानाचें पीक तळ्याच्या व बोडीच्या पाण्यावर उभें राहतें, आणि मोहफुलें, तेंदूपत्ता व बांबू यांवर कित्येक घरांची चूल पेटते. अशा खेड्यांत कांहीं ना कांहीं सार्वजनिक काम पैशावांचून अडलेलें असतें. कोठें बोडी गाळानें भरली आहे. कोठें स्त्रियांच्या बचत गटास धान कांडण्याचें यंत्र हवें आहे. कोठें मुलांस सायंकाळीं अभ्यासाला बसण्यास छप्पर नाहीं. सरकार व कंपन्या अशा कामांस पैसे देतात हें लोकांच्या कानीं येतें. परंतु ते कोणी मागावे व कसे मागावे हें ठाऊक नसतें. शिवाय मागणें म्हणजे भीक असें वाटून कित्येक लाजतात, आणि मिळालें तें आपलेंच असें मानून कित्येक फसतात. या दोन्ही चुका टाळाव्या म्हणून आम्ही हा पाठ देत आहों.

अनुदान ही भीक नव्हे व कर्जही नव्हे. नेमलेल्या कामासाठीं आपल्या हातीं सोंपविलेली ती ठेव आहे. ती परत करावयाची नसते, परंतु तिचा हिशेब द्यावयाचा असतो. एवढें एक वाक्य ध्यानांत धरिलें म्हणजे पुढील सर्व पाठ सोपा होईल.

१. मागण्यापूर्वीं काय करावें

नहेम्या हा अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता. यरुशलेमेचा तट पडला आहे व वेशी जळून गेल्या आहेत ही बातमी त्यास किसलेव महिन्यांत कळली; राजापुढें त्यानें तोंड उघडलें तें नीसान महिन्यांत. मध्यें सुमारें चार महिने गेले. ते त्यानें उपवासांत, प्रार्थनेंत व विचारांत घालविले. म्हणून राजानें विचारतांच त्याच्यापाशीं उत्तर तयार होतें : काम कोणतें, त्यास किती काळ लागेल, कोणत्या अधिकाऱ्यांस पत्रें पाहिजेत, व लांकूड कशाकशासाठीं पाहिजे. राजाच्या वनाचा रक्षक आसाफ याच्या नांवें त्यानें पत्र मागितलें. त्यांत गढीच्या वेशी, नगराचा तट व आपणांस राहावयाचें घर अशीं तीन कामें स्पष्ट सांगितलीं. "आम्ही गरीब आहों, कांहीं तरी द्यावें," असें तो म्हणाला नाहीं.

यरुशलेमेस पोहोंचल्यावर त्यानें रात्रीं फिरून तटाची पाहणी केली, आणि मग लोकांपुढें गोष्ट ठेविली. लोक उठले व ज्यानें त्यानें आपल्या घरासमोरचा भाग बांधिला. शल्लूमाच्या मुलींनींही हात लाविला. बावन्न दिवसांत तट पुरा झाला. लांकूड राजाचें होतें, परंतु घाम लोकांचा होता.

आपणही याच रीतीनें चालावें. बोडीचा गाळ काढावयाचा असेल तर प्रथम ती पायांनीं फिरून पाहावी; लांबी, रुंदी व गाळाची खोली मापावी; तिच्या पाण्यावर किती घरांचें धान पिकतें हें नांवनिशीवार लिहावें. मग खर्चाचा अंदाज करावा. समजा, खर्च १,००,००० रुपये येतो व गांवकरी श्रमदान आणि वर्गणी मिळून २०,००० रुपयांचा भार उचलतात, तर अर्ज ८०,००० रुपयांचाच करावा आणि गांवचा वाटा त्यांत उघड दाखवावा. काम झाल्यावर बोडीची निगा कोण राखील हेंही लिहावें. बियाणें, धान किंवा यंत्र यांविषयीं काम असेल तर सिंदेवाहीचें कृषि विज्ञान केंद्र जवळच आहे. अंदाज लिहिण्यापूर्वीं तेथें सल्ला घ्यावा.

२. आपला वाटा आधीं, ही रीत जुनीच आहे

ज्यानें तळें बांधावें त्यास त्या तळ्याखालीं भिजणारी जमीन द्यावी, असा चांद्याच्या गोंड राजांचा शिरस्ता होता असें सांगतात. आधीं खांद्यावर माती, मग राजाचें देणें, असा तो क्रम होता. पुढें मालगुजारांनीं तळीं राखिलीं. १९५१ सालीं मालगुजारी गेल्यावर तीं सरकारजमा झालीं, आणि "मामा तलाव" हें नांव मात्र राहिलें. मालक गेला व निगा राखणारा उरला नाहीं, म्हणून पुष्कळ तळीं गाळानें भरलीं. २०१७ सालीं राज्य सरकारनें "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही योजना काढिली. तींतही गाळ उपसण्यास बाहेरचें साह्य होतें, पण तो आपल्या शेतांत वाहून नेणें शेतकऱ्याकडे होतें.

शाळांचें उदाहरण तर आमच्या मंडळ्यांस जवळचें आहे. १८५४ सालीं सर चार्ल्स वुड यांच्या खलित्यानें खासगी शाळांस अनुदान देण्याची पद्धति या देशांत घातली, आणि मिशनांच्या शाळांनीं तिचा लाभ घेतला. तींत अटी होत्या : शाळेची व्यवस्था नीट असावी, सरकारी तपासनिसास दार उघडें असावें, आणि थोडी कां होईना पण मुलांकडून फी घ्यावी. ज्यास लोकांचा एक पैसाही लागलेला नाहीं त्या कामाची लोकांस कळकळ राहत नाहीं, हेंच त्या अटीचें मर्म होय.

३. कोणतीं दारें उघडीं आहेत

पहिलें दार बचत गटाचें. "उमेद" हें ग्रामीण जीवनोन्नतीचें अभियान आपल्या राज्यांत २०११ सालीं सुरू झालें. नियमित बैठक, नियमित बचत, गटांतील अंतर्गत कर्ज, त्याची वेळेवर फेड व नीट हिशेब, ही पंचसूत्री जो गट पाळतो त्यास फिरता निधि मिळूं शकतो. ज्या गटाची वही कोरी आहे त्यास तो मिळत नाहीं.

दुसरें दार ग्रामसभेचें. गांवच्या विकासाच्या आराखड्यांत आपलें काम ठरावानें घालून घ्यावें. गडचिरोलीकडील अनुसूचित क्षेत्रांत २०१५ सालापासून आदिवासी उपयोजनेच्या निधीचा ५ टक्के वाटा थेट ग्रामपंचायतींस देण्याची व्यवस्था झाली. तो कोणत्या कामीं लावावा हें ठरविण्यास ग्रामसभेंत बसावें लागतें. ख्रिस्ती मनुष्यानें ग्रामसभेपासून दूर राहूं नये.

तिसरें दार खाणींचें. आपल्या जिल्ह्यांत कोळशाच्या व चुनखडीच्या खाणी आहेत. २०१५ सालच्या कायद्यान्वयें खाणवाल्यांनीं स्वामित्वधनाशिवाय कांहीं रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानांत भरावयाची असते, व ती खाणींचा त्रास पोहोंचणाऱ्या भागाच्या हितासाठीं वापरावयाची असते.

चौथें दार कंपन्यांचें. २०१३ सालच्या कंपनी कायद्याप्रमाणें मोठ्या कंपन्यांनीं मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा निदान २ टक्के भाग लोकहितार्थ लावावयाचा आहे, आणि कारखाना जेथें आहे त्या परिसरास प्राधान्य द्यावयाचें आहे. परंतु बाहेरच्या संस्थेमार्फत हा पैसा खर्च करावयाचा झाल्यास ती नोंदलेली व निदान तीन वर्षांच्या कामाचा अनुभव असलेली असावी लागते. म्हणून नव्या मंडळानें एकट्यानें धांव घेऊं नये. ग्रामपंचायतीस किंवा एखाद्या जुन्या, विश्वासू संस्थेस सोबत घ्यावें.

स्वतःची संस्था काढावयाची असेल तर १८६० सालच्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणें निदान सात सभासद लागतात, आणि सार्वजनिक विश्वस्त संस्थेची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयांत करावी लागते. त्यानंतर दर वर्षीं हिशेब सादर करणें हें कर्तव्य होतें. जी मंडळी हें ओझें वर्षानुवर्षें वाहूं शकणार नाहीं, तिनें संस्था काढण्याची घाई करूं नये. बचत गट व ग्रामसभा हींच तिचीं दारें समजावीं.

एक दार मात्र सांभाळून असावें. परदेशांतून आलेला पैसा, मग तो प्रेमानें कां दिलेला असेना, २०१० सालच्या परकीय अंशदान कायद्याप्रमाणें नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्यावांचून कोणत्याही संस्थेनें घेऊं नये. २०२० सालच्या दुरुस्तीपासून एका संस्थेनें असा पैसा दुसरीस देणेंही बंद झालें आहे. कोणी परदेशी पाहुणा मंडळीच्या कामासाठीं पाकीट पुढें करील, तर आभार मानून तें परत करावें.

४. अर्जांत सत्य लिहावें

येथें कसोटी लागते, म्हणून उपदेशकांनीं हा भाग सावकाश वाचून दाखवावा. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणें अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंस, १९५६ सालापासून शिखांस व १९९० सालापासून बौद्धांस आहे. ख्रिस्ती झालेल्यांस तो नाहीं. अनुसूचित जमातीच्या मनुष्यास मात्र धर्म बदलल्यानें त्या आदेशांत बाध येत नाहीं. हा भेद कित्येकांस दुःखाचा वाटतो, आणि तो दूर व्हावा म्हणून न्यायालयांत व सभांत उघड बोलणें योग्यच आहे. परंतु अर्जावर आपला धर्म लपवून लाभ घेणें योग्य नाहीं. रविवारीं प्रभूचें नांव घ्यावें व सोमवारीं तहसिलींत तें झांकावें, असें होऊं नये. जी योजना आपणांस लागू नाहीं ती सोडावी. जी लागू आहे ती शोधावी. सत्य लिहून जें हातचें जाईल त्याचा तोटा एक वर्षाचा. खोटें लिहून जी पत जाईल ती मुलांच्या पिढीसही परत मिळणार नाहीं.

तसेंच मंदिर व लोकहित यांची सरमिसळ करूं नये. आपल्या राज्यघटनेच्या २७ व्या कलमाचा आशय असा कीं, एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठीं कोणावर कर भरण्याची सक्ति नसावी. म्हणून उपासनामंदिराचीं कौलें मंडळीच्या दानपेटींतून घालावीं. अनुदान बोडीसाठीं, अभ्यासिकेसाठीं, पाण्यासाठीं मागावें. आणि ज्या कामास सार्वजनिक पैसा लागला, त्याचा लाभ गांवांतील सर्व जातिधर्मांस सारखा पोहोंचावा. उपासनेस येतो त्यासच पाणी, अशी अट कधींही घालूं नये. तिनें देवाच्या नांवास बट्टा लागतो.

५. पैसा आल्यावर

योवाश राजाच्या काळीं मंदिराच्या दुरुस्तीसाठीं पैसा याजकांकडे येत होता, तरी त्याच्या कारकीर्दीच्या तेविसाव्या वर्षापर्यंत दुरुस्ती झाली नव्हती. तेव्हां यहोयादा याजकानें एक पेटी घेऊन तिच्या झांकणास भोंक पाडिलें व ती वेदीजवळ ठेविली. पेटी भरली म्हणजे राजाचा चिटणीस व मुख्य याजक असे दोघे मिळून पैसा मोजीत. त्या पैशांतून चांदीचीं भांडीं केलीं नाहींत. तो सुतार, गवंडी, लांकूड व दगड यांसच लाविला. कामगारांकडून हिशेब मागितला नाहीं असें तेथें लिहिलें आहे, तें वाचून कोणी हिशेबाची वही मिटूं नये. ते विश्वासू होते हें तर खरेंच. शिवाय पैसा दोघांच्या देखत मोजून त्यांच्या हातीं जात होता. एज्रानेंही सोनें व रुपें बारा मुख्य याजकांच्या हातीं तोलून दिलें आणि यरुशलेमेस तें पुन्हा तोलून घेऊन वजन लिहून ठेविलें. पौलानेंही यहूदियांतील गरिबांची वर्गणी एकट्याच्या हातीं नेली नाहीं. मंडळ्यांनीं निवडलेले सोबती बरोबर घेतले, यासाठीं कीं देवासमोरच नव्हे तर माणसांसमोरही काम स्वच्छ दिसावें.

यावरून चार नियम निघतात. अनुदानाचें बँकेंतील खातें संस्थेच्या नांवें असावें, खजिनदाराच्या नांवें नव्हे. पैसे दोन सह्यांवांचून निघूं नयेत, व त्या दोन सह्या एका घरांतील नसाव्या. प्रत्येक खर्चाची पावती त्याच दिवशीं वहींत चिकटवावी. आणि बोडीसाठीं आलेला पैसा बोडीसच लावावा. अडचण कितीही मोठी असो, त्यांतून उसनेंही घेऊं नये. काम ठरल्याहून कमी खर्चांत झालें, तर उरलेला पैसा कसा लावावा हें देणाऱ्यास लेखी विचारावें.

६. धानोरा तालुक्यांतील एक गांव

गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) हें गोंडांचें लहानसें गांव आहे. २००६ सालच्या वनहक्क कायद्याप्रमाणें २००९ सालीं या गांवास सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ सालच्या एप्रिल महिन्यांत बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं आला. नहेम्यास राजाच्या वनरक्षकाचें पत्र लागलें. येथें गांवच आपल्या वनाचा रक्षक झाला. हें एका दिवसांत घडलें नाहीं. गांवकरी कित्येक वर्षें अभ्यास गटांत बसून कायदे समजून घेत आले, व निर्णय बहुमतानें न करतां सर्वांच्या संमतीनें करीत आले. बाहेरून पैसा मागण्याच्या आधीं गांवानें एकत्र बसण्याची शिस्त लावून घेतली होती, ही गोष्ट आमच्या मंडळ्यांनीं मनावर घ्यावी. जें गांव एकत्र बसतें त्यास अनुदान उपयोगी पडतें; जें बसत नाहीं त्यांत तेंच अनुदान भांडण लावितें.

म्हणून बंधूंनो, मागण्यास लाजूं नका व मिळाल्यावर विसरूं नका. देणारा दूर असेल व तपासनीस वर्षांतून एकदां येईल. परंतु ज्याच्यापुढें सर्व वह्या उघड्या आहेत तो नित्य जवळ आहे.

सभेंत विचारावयाचे प्रश्न

१. नहेम्यानें राजापुढें बोलण्यापूर्वीं चार महिने काय केलें? आपण अर्ज लिहिण्यापूर्वीं काय करावें?
२. आपल्या गांवचें कोणतें एक काम सर्व गांवाचें आहे? त्यांत आपल्या मंडळीचा वाटा किती?
३. अर्जांत आपला धर्म लपविल्यानें कोणाकोणाचें नुकसान होतें?
४. आपल्या बचत गटाची वही आज कोणी मागितली तर दाखवितां येईल काय? येत नसेल तर येत्या बैठकीपर्यंत ती पुरी करावी.