मास्तरांनो, मंजुळेकडून शिका

रत्नागिरीत हौशी नाटक करणाऱ्या माणसाला पु. ल. देशपांड्यांचं ‘ती फुलराणी’ चुकवता येत नाही. कॉलेजचं स्नेहसंमेलन असो, नाट्यप्रवेश स्पर्धा असो की नव्या मुलींची निवड, त्यातल्या फुलवालीचं म्हणजे मंजुळेचं स्वगत पाठ करून आलेली एखादी तरी असतेच. मी मराठीचा मास्तर. शाळेतून निवृत्त झालो, पण तालमीतून कुणी सोडलं नाही. आसपासच्या गावांतून येणाऱ्या मुलांचे उच्चार घासूनपुसून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडतं आणि ते मी आवडीनं करतो. म्हणजे उद्योग नाटकातल्या प्राध्यापक अशोक जहागीरदारांचाच, फक्त पैज लावलेली नाही. या उद्योगात जे पदरात पडलं ते, पुढे हे नाटक हाती घेणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून ओळीनं मांडतो.

१. आधी घराणं बघा

आजची मुलं मोबाइलवर ‘माय फेअर लेडी’ बघून येतात आणि मला सांगतात, “सर, पु.लं.नी हा पिक्चर मराठीत आणलाय.” गोष्ट त्याहून जुनी आहे. बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’ १९१३ साली व्हिएन्नात जर्मन भाषेत रंगभूमीवर आलं आणि १९१४ मध्ये लंडनला. १९३८ साली त्याचा चित्रपट झाला, त्याच्या पटकथेसाठी शॉला ऑस्कर मिळालं. १९५६ मध्ये लर्नर आणि लोव या जोडीनं ब्रॉडवेवर त्याचं संगीत नाटक केलं. त्यावरून १९६४ साली जॉर्ज क्यूकरनं रेक्स हॅरिसन आणि ऑड्री हेपबर्न यांना घेऊन ‘माय फेअर लेडी’ हा चित्रपट काढला. पु.लं.ची मंजुळा १९७५ची. गुजरातीत ‘संतु रंगीली’ आणि हिंदीत देव आनंदचा ‘मनपसंद’ ही याच गोत्रातली भावंडं.

हे सगळं मुलांना सांगायचं कारण एकच. एवढ्या भाषांतून ही गोष्ट फिरली, कारण बोलण्यावरून माणसाची पायरी ठरवण्याची खोड सगळीकडे आहे. ती आपल्या गावात कुठे दिसते हे शोधल्याशिवाय तालमीला हात घालू नये.

२. स्वगताला आधी राग, मग ठेका, मग हशा

चित्रपटात अपमानानं पेटलेली फुलवाली एलायझा गाणं म्हणते, त्या जागी मराठीत मंजुळेचं स्वगत आहे. त्याला यमकं आहेत, अंगचा ठेका आहे. पेटीतबल्याशिवाय उभं राहणारं ते पदच म्हणा ना. भक्ती बर्व्यांनी ते असं काही करून ठेवलं आहे की प्रत्येक मुलगी त्यांची चित्रफीत बघून बघून हुबेहूब उतरवते. हातवारे तेच, थांबे तेच. आणि तरीही ते पोचत नाही, कारण तिला हशे पाठ असतात, राग नसतो.

मी मुलींना पहिले काही दिवस हातवारे करूच देत नाही. खाली मांडी घालून बसायचं, मांडीवर हातानं ठेका धरायचा आणि वाक्य सावकाश म्हणायचं. कुणी कधी ‘तुला काय कळतंय’ असं म्हणालं होतं ते आठवायचं. असं आठवायला कुठल्याच मुलीला वेळ लागत नाही. राग आत बसला की हशे आपोआप येतात, मागावे लागत नाहीत.

३. बोली घरातून आणा, मालिकेतून नको

बंदराकडची एक मुलगी मंजुळा करायला आली. पहिल्या वाचनाला तिनं टीव्हीवरच्या मालिकांत असते तशी घाटावरची ‘गावरान’ भाषा लावली. तिच्या घरात तसं कुणीच बोलत नसणार. मी विचारलं, “घरी मोठं कोण आहे?”

“आजी. मिरकरवाड्याला मासे विकते.”

“गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला तर काय म्हणते?”

मुलगी ओशाळली. इकडेतिकडे बघितलं. मग ओढणी कमरेला खोचली, एक हात पाटीच्या काठावर असल्यासारखा धरला आणि म्हणाली, “घ्यायचा तर घे, नायतर फुडं जा. माजा बांगडा सकालचा हाय, तुज्यासारका शिला नाय.”

खोलीत हशा पिकला, पण तो तिला हसणारा नव्हता. तिच्या मानेचा झटका, वाक्य संपताना वर चढणारा हेल, गिऱ्हाइकाकडे न बघता पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेलेली नजर, हे सगळं शिकवून येत नाही. पु.लं.ची मंजुळा मुंबईच्या फुटपाथची आहे. संहितेतला शब्द बदलायचा नाही, तो आपला अधिकार नाही. पण हेल, श्वास आणि उभं राहणं त्या आजीचं घेतलं आणि फुलवाली उभी राहिली.

एक गोष्ट मात्र त्या दिवसापासून डोक्यात बसली. पु.लं.चा अंतू बर्वा बोलतो तेव्हा आपण त्याला ‘खास रत्नागिरी’ म्हणतो, खारवणीचा किंवा संगमेश्वराकडच्या कुणब्याचा हेल ऐकला की ‘गावंढळ’ म्हणतो. अंतूच्या आळीतल्या माणसाचं नाकातलं बोलणं सुधारायला कुणी मास्तर ठेवत नाही. बोलीत काही खालीवर नसतं, ऐकणारा कुठे बसला आहे त्यावर ते ठरतं.

४. उच्चार शिकवा, लाज शिकवू नका

याचा अर्थ प्रमाण उच्चार शिकवायचेच नाहीत असा मुळीच नाही. बँकेतल्या मुलाखतीला, निवेदनाला, आकाशवाणीला ते लागतात आणि ज्या घरात ते ऐकायला मिळत नाहीत तिथल्या मुलाला ते शिकवणं हे मास्तरचं कामच आहे. प्रश्न कसं शिकवायचं हा आहे. चित्रपटातला प्राध्यापक हिगिन्स एलायझाच्या तोंडात गोट्या घालतो, ‘ह’ जमावा म्हणून ज्योतीपुढे बसवतो आणि वर येता-जाता तिची अब्रू काढतो.

आपल्याकडे अडतो तो बहुतेक ‘ण’. त्याला गोट्या लागत नाहीत. जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावा आणि सोडा, एवढंच. पाणी, लोणी, आणि, कोण, म्हणून हे शब्द आधी सुटे, मग वाक्यात. मग रोज सकाळी वर्तमानपत्रातला एक परिच्छेद मोठ्यानं. पाठीमागून कुणी खिदळणार नसेल तर ‘ण’ लवकर बसतो. खिदळणारा असेल तर मूल ‘ण’ येणारे शब्दच टाळायला लागतं आणि पुढे बोलायचंच टाळतं. म्हणून तालमीत माझा एकच कडक नियम आहे. उच्चारावर जो हसेल, त्यानं पुढचं पान वाचायचं.

५. इथे उच्चार सुधारले तरी आडनाव उरतं

लंडनमध्ये एलायझाचे स्वर बदलले आणि दूतावासातल्या मेजवानीत कुणाला संशय आला नाही. उलट स्वतःला भाषेचा तज्ज्ञ म्हणवणाऱ्या एकानं ती हंगेरीची राजकन्या असल्याचं ठासून सांगितलं. हा प्रवेश वाचताना आमच्या तालमीत हमखास एखादं मूल म्हणतं, “सर, हे आपल्याकडे चालणार नाही.” बरोबरच आहे. आपल्याकडे दुसरं वाक्य बोलायच्या आत “कुठली गो तू? कुठल्या वाडीतली?” हा प्रश्न येतो. कोकणातल्या गावाची वाडी म्हणजे अर्धी जातच. वाडी कळली नाही तर आडनाव विचारतात.

याच गावात सावरकर १९२४ ते १९३७ स्थानबद्ध होते. अस्पृश्यतेवरचं ‘संगीत उःशाप’ हे त्यांचं नाटक त्याच काळातलं, १९२७ सालचं. सर्व जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर १९३१ मध्ये झालं ते भागोजीशेठ कीर यांच्या पैशानं. भागोजीशेठ रत्नागिरीतल्या गरीब भंडारी घरात जन्मले आणि मुंबईत मोठे कंत्राटदार झाले. पैसा आला म्हणून माणसाला गाभाऱ्याचं दार आपोआप उघडत नाही, म्हणून दारच वेगळं बांधावं लागलं. ‘ती फुलराणी’ बसवताना मुलांना मी पतितपावनला नेतो. भाषेची पायरी चढून गेल्यावरही आपल्या मंजुळेपुढे कुठली पायरी उरते, ते त्यांना तिथे न सांगता कळतं.

६. उलट्या वाटेनं गेलेलीही बघा

रत्नागिरीकरांना या उलट्या वाटेची गोष्ट परदेशातून आणावी लागत नाही. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. आज पर्यटक बघायला जातात तो थिबा पॅलेस १९१०चा, १९१६ मध्ये राजा इथेच वारला. त्याच्या थोरल्या राजकन्येचं प्रेम जडलं ते राजवाड्याच्या दरवानावर, गोपाळ सावंत यांच्यावर. ते आधीच संसारी होते. या संबंधातून टुटू ही मुलगी झाली. राजाची ही नात रत्नागिरीतच वाढली, गरिबीत राहिली आणि अस्सल मराठी बोलली.

एलायझाला लोकांनी खोटंच राजकन्या ठरवलं. टुटू खरोखर राजघराण्यातली होती, पण तिचं बोलणं ऐकून कुणाला मुकुट आठवला नसता. हे दोन्ही शेजारी ठेवले की मुलं मुद्द्यावर येतात. खानदान जिभेवर नसतं. आपण ते कानानं ऐकलं असं समजतो, एवढंच.

७. शेवटाची घाई करू नका

तालमीत सगळ्यात मोठं भांडण होतं ते शेवटावरून. मंजुळेनं प्राध्यापकाच्या प्रेमात पडावं असं मुलग्यांना वाटतं, मुलींना सहसा वाटत नाही. हे भांडण शॉच्या वेळेपासून आहे. प्रेक्षकांना आणि नटांना लग्नाची ओढ लागलेली बघून वैतागलेल्या शॉनं १९१६ मध्ये नाटकाला उत्तरकथा जोडली आणि एलायझा तिच्यावर भाळलेल्या फ्रेडीशी लग्न करून फुलांचं दुकान काढते असं बजावून सांगितलं. चित्रपटानं त्याचं ऐकलं नाही. तिथे ती परत येते आणि हिगिन्स आपल्या सपाता कुठे आहेत म्हणून विचारतो.

मी अशा वेळी ‘संगीत मानापमान’ काढतो. खाडिलकरांचं हे नाटक १९११चं, म्हणजे ‘पिग्मॅलियन’च्या आधीचं. श्रीमंत भामिनी धैर्यधराला गरीब म्हणून नाकारते. पण पुढे बदलतं कोण? गरीब शिपाईगडी भरजरी भाषा शिकून तिच्या दारात येत नाही. भामिनीच वनमाला होते, दागिने उतरवते, साध्या मुलीच्या वेशात त्याच्याजवळ जाते आणि त्याची किंमत तिला तिथे कळते. चालत जायचं ते वरच्या पायरीवरच्या माणसानं, असा खाडिलकरांचा न्याय आहे. बालगंधर्वांची भामिनी बघून धन्य झालेल्या प्रेक्षकांनी तो किती घरी नेला, ते सोडा. तरी पन्नासच्या दशकातल्या ब्रॉडवेपेक्षा आपलं किर्लोस्कर मंडळींचं जुनं नाटक या बाबतीत पुढे होतं, हे मी छाती काढून सांगतो.

म्हणून शेवटचा प्रवेश बसवताना मुलांना एवढंच विचारायचं, की प्राध्यापक या नाटकात एक पाऊल तरी खाली उतरला का? याचं उत्तर प्राध्यापकाचं काम करणाऱ्या मुलाच्या अंगात दिसलं पाहिजे. नुसती मंजुळा बदलली तर नाटक अर्धंच बसलं.

८. टाळ्या कुणाच्या, ते आधी ठरवा

मेजवानी गाजवून एलायझा घरी येते आणि हिगिन्स व त्याचा मित्र कर्नल पिकरिंग एकमेकांचं अभिनंदन करत बसतात. ती कोपऱ्यात उभी. गंमत म्हणजे चित्रपटाबाहेरही थोडं तसंच झालं. रंगभूमीवर एलायझा गाजवणाऱ्या ज्युली अँड्र्यूजला चित्रपटात घेतलं नाही. ऑड्री हेपबर्नची बहुतेक गाणी मार्नी निक्सननं गायली आणि पडद्यावर तिचं नाव आलं नाही. चित्रपटाला ८ ऑस्कर मिळाली, हेपबर्नला साधं नामांकनही नाही. ज्युली अँड्र्यूजला त्याच वर्षीचं ऑस्कर ‘मेरी पॉपिन्स’साठी मिळालं, एवढाच काय तो न्याय.

एका स्पर्धेत बक्षीस समारंभानंतर एक पाहुणे माझा हात हातात घेऊन म्हणाले, “मास्तर, कुठून कुठे आणलीत हो पोरीला!” पोरगी माझ्या शेजारीच उभी होती. हातात प्रमाणपत्र, डोळे जमिनीकडे. मी म्हटलं, “मी ‘ण’ दिला, बाकी सगळं तिचं होतं. तिच्याशी बोला.” पाहुणे बोलले, पण तिच्याशी बोलताना त्यांचा आवाज आपोआप मोठा आणि शब्द सोपे झाले, जणू तिला मराठी येत नव्हतं.

तेव्हा यंदा ‘ती फुलराणी’ बसवणार असाल तर माझं एवढं ऐका. नाटकाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची रीतसर परवानगी घ्या. उच्चार नीट करून घ्या, हेल मोडू नका. पत्रिकेवर मंजुळेचं काम करणाऱ्या मुलीचं नाव दिग्दर्शकाच्या आधी छापा. प्रयोगाची वेळ मासळीचा लिलाव आणि आंब्याच्या पेट्या भरायची घाई सांभाळून ठेवा, म्हणजे तिच्या घरच्यांना येता येईल. आणि ते आले की पहिल्या रांगेत बसवा. ती रांग पाहुण्यांसाठी राखून ठेवण्याची पद्धत आहे, ती मोडली तरी चालेल.