नकार आधी वाचा, परवानगी मग द्या

लिनक्स सर्व्हर सांभाळायला लागलो तेव्हा एसईलिनक्स ही सुरक्षा यंत्रणा बंद करणं हे माझं पहिलं काम असे. अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीनं २००० च्या डिसेंबरात ही यंत्रणा सर्वांसाठी खुली केली आणि २००३ मध्ये ती लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आली. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये ती पहारा देते. तिची पॉलिसी आणि तिचे लॉग चित्ररूपानं पाहायला लागल्यावर माझी भीती गेली. त्या वाटेवर शिकलेल्या या सहा गोष्टी.

१. बंद करणं हा इलाज नाही.
एका पतसंस्थेच्या सर्व्हरवर नवी पानं चढवली आणि साइट उघडेना. रात्र झाली होती, फोन वाजत होते. मी यंत्रणा परमिसिव्हमध्ये टाकली आणि साइट सुरू झाली. परमिसिव्हमध्ये नियम मोडल्याची फक्त नोंद होते, कुणाला अडवलं जात नाही. तो सर्व्हर पुढे कित्येक महिने तसाच उघडा राहिला. खरं कारण अगदी साधं होतं. फाइली होम डिरेक्टरीतून मूव्ह केल्या होत्या. परवानगी फाइलच्या लेबलावरून ठरते: मूव्ह केलेली फाइल जुनं लेबल घेऊन येते, कॉपी केलेली फाइल नव्या जागेचं लेबल घेते. लेबल दुरुस्त करणाऱ्या रिस्टोअरकॉनच्या एका ओळीत काम झालं असतं.

२. एकटी ओळ अर्धंच सांगते.
नकाराच्या, म्हणजे एव्हीसीच्या नोंदीत चार गोष्टी शोधा: कोण गेलं, कशाकडे गेलं, ती वस्तू कोणत्या जातीची आणि तिथे काय करायचं होतं. वेळ १९७० पासूनच्या सेकंदांत लिहिलेली असते आणि तिच्यानंतर घटनेचा क्रमांक येतो. त्याच क्रमांकाची सिस्टिम कॉलची नोंद शेजारी सापडते. तिच्यात प्रोग्राम आणि वापरकर्ता कळतो. दोन्ही जोडून वाचा.

३. आधी गट पाडा, मग डोकं लावा.
लॉग नुसता वर-खाली सरकवत बसलं की हजार ओळी म्हणजे हजार दुखणी वाटतात. एसईटूल्स संचातल्या सीऑडिटच्या खिडकीत मी पहिल्यांदा नोंदी टाइपनुसार, म्हणजे लेबलाच्या मुख्य भागानुसार, गाळून पाहिल्या, तेव्हा त्यामागे तीनच कारणं निघाली. सीऑडिट संचाच्या चौथ्या आवृत्तीत राहिलं नाही. आता सीअलर्टची खिडकी आहे, तीही एकाच कारणाचे नकार एकत्र करून किती वेळा घडले ते दाखवते. साधन बदललं तरी सवय तीच ठेवा.

४. काय घडलं ते लॉग सांगतो, काय घडू शकतं ते पॉलिसी सांगते.
मला सगळ्यात महाग पडलेला धडा हा. नकाराच्या ओळी ऑडिट-टू-अलाउला दिल्या की तो लगेच नियम लिहून देतो. पतसंस्थेच्या त्या प्रसंगात नियम तयार झाला असता तो असा: वेब सर्व्हरला होम डिरेक्टरीतल्या लेबलच्या फाइली वाचू द्या. अडली होती मोजकी पानं, उघडली असती त्या लेबलची प्रत्येक फाइल. एसईटूल्समधलं पॉलिसी तपासायचं साधन एपॉल उघडून त्या टाइपवर कुणाकुणाला काय परवानगी आहे ते पाहिलं की नव्या नियमाची खरी किंमत कळते. अनेकदा बुलियन नावाचा तयार खटका आधीच असतो आणि नवा नियम लिहावाच लागत नाही.

५. धोका दोन नियमांच्या जोडात असतो.
चालू प्रक्रियेच्या टाइपला डोमेन म्हणतात. एका डोमेनमधून दुसऱ्यात शिरायला तीन परवानग्या लागतात: प्रक्रियेला डोमेन बदलण्याची, फाइल चालवण्याची आणि त्या फाइलमधून नव्या डोमेनमध्ये प्रवेश करण्याची. सुटा नियम वाचला तर तो निरुपद्रवी वाटतो. एपॉलमधलं डोमेन ट्रान्झिशनचं विश्लेषण या परवानग्या जोडून वाट दाखवतं. माहितीच्या प्रवाहाचं विश्लेषण त्याच्या पुढे जातं: एक प्रोग्राम लिहितो ती फाइल दुसरा वाचत असेल, तर दोघांत आडवाट आहे. पॉलिसीत हजारो टाइप असतात, त्यामुळे सगळ्याचा आराखडा एकदम काढू नका. सुरुवातीचा आणि शेवटचा टाइप ठरवा, पायऱ्यांची मर्यादा घाला.

६. लॉग गप्प आहे म्हणून निश्चिंत होऊ नका.
काही नकार डोंट-ऑडिट नियमांमुळे लिहिलेच जात नाहीत. प्रोग्राम अडतोय आणि लॉग कोरा आहे, असं दिसलं की ते नियम तात्पुरते उठवा, पाहा आणि पुन्हा लावा. दुसरं कारण जागेचं. रेड हॅट घराण्यात ऑडिटची मूळ मांडणी ८ एमबीच्या ५ फाइलींची असते, म्हणजे ४० एमबीनंतर जुनं पुसलं जातं. सर्ट-इन या भारताच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. गजबजलेल्या सर्व्हरवर मूळ मांडणीत ते बसणार नाहीत. लॉग दुसऱ्या यंत्रावर पाठवायची सोय पहिल्याच दिवशी करा.

चित्र वाट दाखवतं, पण दार उघडायचं की नाही हे त्या सर्व्हरवर कुणाचा पैसा आणि कुणाची माहिती आहे हे जाणणाऱ्या माणसानंच ठरवायचं असतं. आज आपल्या सर्व्हरवर गेटएन्फोर्स चालवून पाहा. उत्तर परमिसिव्ह आलं, तर आजवर साठलेले नकार एकेक करून वाचा, लेबलं दुरुस्त करा आणि पहारा पुन्हा उभा करा.