तानसा खोरे : श्रीक्षेत्र वज्रेश्वरीचा भौगोलिक परिचय

श्री वज्रेश्वरी देवीच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांपैकी बहुतेक जण बावन्न पायऱ्या चढून दर्शन घेतात, उष्ण कुंडांत स्नान करतात आणि परततात. ज्या खोऱ्यात हे क्षेत्र वसले आहे, त्याचीही ओळख करून घेणे उचित ठरेल.

शहापूर तालुक्यातील डोंगराळ वनप्रदेशात उगम पावणारी तानसा नदी पश्चिमेकडे वाहत जाऊन वैतरणेस मिळते. क्षेत्राच्या दक्षिणेस गुमतारा किल्ल्याचा डोंगर व नैर्ऋत्येस तुंगारेश्वराची रांग आहे. सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे तुंगारेश्वर अरण्य २००३ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. या रांगेपलीकडे वसई-विरारची दाट वस्ती आहे. एका बाजूस महानगराची उपनगरे आणि दुसऱ्या बाजूस अरण्य, असे हे खोरे आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसईच्या मोहिमेत देवीस नवस केला व विजयानंतर मंदिर उभारले गेले, ही हकीकत सर्वश्रुत आहे.

वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथील उष्ण झरे हे या खोऱ्याचे वैशिष्ट्य होय. देवीने वधलेल्या असुरांच्या रक्तामुळे हे पाणी उष्ण झाले, अशी भाविकांची श्रद्धा आहे. भूशास्त्र सांगते की, पावसाचे पाणी काळ्या पाषाणातील भेगांतून खोलवर झिरपते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगांवाटे वर येते. म्हणजेच डोंगरावरील वृक्षराजीने मुरवलेले पाणी भूगर्भातील साठ्यांस आधार देते. वन राहिले, तरच पाणी मुरेल.

नदीच्या वरच्या भागात १८९२ साली पूर्ण झालेले तानसा धरण असून त्याचे पाणी मुंबईस जाते. पावसाळ्यात धरण भरून वाहू लागले की नदीची पातळी झपाट्याने वाढते व काठालगतची कुंडे पाण्याखाली जातात. अशा वेळी आकाश निरभ्र दिसले, तरी पात्रात उतरू नये. स्थानिक ग्रामस्थांच्या सूचना पाळाव्यात. कुंडाच्या पाण्याची उष्णता आधी हाताने पाहावी. लहान मुले, वृद्ध व हृदयविकार असलेल्यांनी विशेष काळजी घ्यावी.

कुंडात साबण वापरू नये. निर्माल्य, जुनी वस्त्रे व प्लास्टिक नदीत सोडू नये. वर मुंबईची तहान भागवणारी ही नदी खाली अनेक गावांची जीवनवाहिनी आहे. तिचे पावित्र्य राखणे हीही देवीची सेवाच होय. दानशूर भाविकांनी देवस्थानास साहाय्य करताना वृक्षारोपण व काठाची स्वच्छता या कार्यांचेही स्मरण ठेवावे, ही नम्र विनंती.