ब्रह्मगिरीवर पाहिलेली गंगा

आमच्याकडे गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. गावाखाली तिचे पात्र चांगले रुंद आहे. ती उगवते कशी, हे पाहायची मला फार दिवसांची हौस होती. यंदा आमची सहल त्र्यंबकेश्वरला गेली. निघताना आजी म्हणाली, "माझ्यानं आता डोंगर चढवत नाही. येताना गंगाद्वाराचं पाणी आण. खालच्या नळाचं भरलंस तर मला कळेल हं!"

त्र्यंबक गाव नाशिकपासून सुमारे २८ किलोमीटर आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक तिथे आहे. आजचे काळ्या दगडाचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतले. दर्शनाच्या रांगेत बराच वेळ गेला. मग आम्ही डोंगराला लागलो. पायऱ्या मोजत होतो, पण माकडाने एकाची भाकरी पळवली त्या गडबडीत आकडा विसरलो.

वाटेत गुरुजींनी कातळ दाखवला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक गार झाले, त्यातून हा दगड बनला. पावसाळ्यात पाणी दगडाच्या भेगांत मुरते आणि खाली कुठेतरी कड्यातून पाझरते. गंगाद्वाराला तसेच पाणी आहे. मला वाटले होते, मोठा धबधबा असेल. पाहतो तर करंगळीएवढीसुद्धा धार नाही! बाटली लावून उभा राहिलो. मागे माणसे खोळंबली. बाटली अर्धी भरली तेव्हा मीच लाजून बाजूला झालो.

गौतम ऋषींची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. त्यांच्या हातून गाय मेली. ते पाप फिटावे म्हणून त्यांनी शंकराची आराधना केली. शंकराने या डोंगरावर जटा आपटून गंगा सोडली. पण ती सारखी गुप्त व्हायची. शेवटी ऋषींनी खाली कुशावर्तात दर्भ टाकून तिला अडवले. ती गुप्त होते म्हणजे मुरते, असे मला कड्याजवळ उभे असताना वाटले. जुन्या लोकांनी हे पाझर पाहिलेच असतील की.

माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच आहे. वारा असा की टोपी धरून बसावे लागले. पूर्वेला अंजनेरी दिसते. गुरुजी म्हणाले, "पश्चिमेचा समुद्र इथून जेमतेम ८० किलोमीटर आहे. तरी गोदावरी तिकडे पाठ करून पूर्वेला निघते आणि १४६५ किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते." वैतरणाही याच डोंगररांगेत उगम पावते, पण ती पश्चिमेला जाते. तिचे पाणी धरणांत अडवून मुंबईला प्यायला नेतात. म्हणजे पावसाचा एक थेंब आमच्या शेतात, तर शेजारचा मुंबईच्या नळात!

घरी आल्यावर आजीने बाटली उजेडात धरली. "एवढंच?"

मी म्हणालो, "तिथं नदीच एवढी आहे."

तिला पटेना. २०१९ च्या ऑगस्टात पूर आला, तेव्हा आमच्या ओट्यावर पाणी चढले होते. भिंतीवर त्याची रेघ अजून आहे. मी तिला सांगितले, की वाटेत दारणा, कादवा अशा किती नद्या तिला मिळतात, आणि पाऊस सगळीकडेच पडतो.

आजीने दोन पळ्या पाणी देव्हाऱ्यात घातले. उरलेली बाटली तिने फडताळात उंच ठेवली आहे. कोणाला हात लावू देत नाही.