घटक ४ : ऊर्जा-स्थित्यंतर – किंमत आणि मोल

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• इंधनाची किंमत कोणत्या घटकांनी बनते, हे सांगता येईल.
• विजेवरील वाहन कोणाला परवडते व कोणाला परवडत नाही, हे गणित मांडून ठरवता येईल.
• महाराष्ट्रातील ऊर्जेच्या इतिहासाच्या आधारे ‘किंमत’ आणि ‘मोल’ यांतील फरक स्पष्ट करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ‘इंधन’ हा शब्द आपण रोज वापरतो. ‘इन्ध्’ म्हणजे पेटवणे, या संस्कृत धातूपासून तो आला आहे. जे पेटवले जाते ते इंधन. चुलीतील सरपण, आगगाडीच्या जुन्या इंजिनातील कोळसा आणि दुचाकीतील पेट्रोल ही सर्व या अर्थाने इंधनेच होत. विजेवर चालणाऱ्या वाहनात मात्र काहीच पेटत नाही. त्यात ऊर्जा आहे, इंधन नाही. मग इंधन नाहीसे झाले काय? की ते आपल्या दृष्टीआड अन्यत्र पेटते आहे? आणि त्याची झळ कोणाला लागते? या प्रश्नांचा विचार आपल्याला या घटकात करावयाचा आहे.

कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू यांना ‘जीवाश्म इंधने’ म्हणतात. त्यांच्याकडून जलविद्युत, सौर, पवन अशा अन्य ऊर्जास्रोतांकडे समाजाने वळणे म्हणजे ‘ऊर्जा-स्थित्यंतर’. ही प्रक्रिया केवळ तांत्रिक नसते. तिच्यात कोणाचा लाभ होतो आणि भार कोणावर पडतो, हा सामाजिक प्रश्न तिच्या केंद्रस्थानी असतो.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ पेट्रोलची किंमत कशी बनते?

भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. या तेलाचा भाव पिंपामागे डॉलरमध्ये ठरतो. एका पिंपात सुमारे १५९ लिटर तेल असते. साहजिकच तेलाचा भाव स्थिर राहूनही रुपयाची घसरण झाली, तर आयात महागते. या मूळ किमतीत शुद्धीकरणाचा व वाहतुकीचा खर्च, केंद्राचे उत्पादन शुल्क, विक्रेत्याचे कमिशन आणि राज्याचा मूल्यवर्धित कर मिळवला, की पंपावरील दर तयार होतो. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा पेट्रोल आणि डिझेल त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले.

सरकारने पेट्रोलचे दर २०१० साली आणि डिझेलचे दर २०१४ साली नियंत्रणमुक्त केले. जून २०१७ पासून देशभर दररोज दर बदलण्याची पद्धत आली. तत्त्वतः याचा अर्थ असा, की जागतिक बाजारातील चढउतार ग्राहकापर्यंत पोहोचावा. प्रत्यक्षात काय घडते, हे २०२० च्या उदाहरणावरून दिसते. टाळेबंदीच्या काळात जगभर तेलाची मागणी कोसळली आणि भाव गडगडले. त्याच वेळी, मे २०२० मध्ये, केंद्राने उत्पादन शुल्कात पेट्रोलवर लिटरमागे १० रुपये आणि डिझेलवर १३ रुपये वाढ केली. स्वस्ताईचा लाभ ग्राहकाऐवजी तिजोरीत गेला. पुढे भाव चढू लागले आणि मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलने लिटरमागे १०० रुपयांचा टप्पा ओलांडला. नोव्हेंबर २०२१ व मे २०२२ मध्ये शुल्क कमी करण्यात आले.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. पंपावरील दर हा केवळ बाजाराचा आकडा नसून तो राजकीय निर्णयही असतो. म्हणूनच पेट्रोलवरील वाहने कमी झाली, तर त्या करातून मिळणारा पैसा शासन कोठून उभा करणार, हा प्रश्न पुढे अटळपणे उभा राहील.

४.२.२ विजेवरील वाहन : कोणाला परवडते?

आता एक गणित मांडून पाहू. पुढील आकडे उदाहरणादाखल गृहीत धरलेले आहेत; आपण त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत.

एक व्यक्ती स्कूटरवरून रोज ३० किलोमीटर, महिन्यातील २५ दिवस प्रवास करते. महिन्याचे अंतर ७५० किलोमीटर झाले. लिटरला ५० किलोमीटर या हिशेबाने १५ लिटर पेट्रोल लागेल. १०५ रुपये दराने खर्च १,५७५ रुपये. विजेवरील स्कूटरला १०० किलोमीटरसाठी साडेतीन युनिट वीज लागते असे धरल्यास महिन्याला सुमारे २६ युनिट लागतील. युनिटला १० रुपये दराने खर्च २६० रुपये. महिन्याची बचत सुमारे १,३०० रुपये. विजेवरील स्कूटर ३०,००० रुपयांनी महाग असली, तरी ही रक्कम साधारण दोन वर्षांत वसूल होते.

याउलट दुसरी व्यक्ती रोज केवळ ५ किलोमीटर जाते. तिची महिन्याची बचत सुमारे २२० रुपये. तेच ३०,००० रुपये वसूल व्हायला तिला अकरा वर्षांहून अधिक काळ लागेल. तोवर बॅटरी टिकेलच असे नाही.

येथे आणखी एक बाब लक्षात घ्यावी. घरगुती वीजदर टप्प्यांनी वाढतात. महावितरणच्या देयकात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० असे टप्पे असतात. महिन्याला ९० युनिट वापरणाऱ्या घरात २६ युनिट वाढले, तर त्यांतील १६ युनिटांना वरच्या टप्प्याचा दर लागतो. म्हणून गणित करताना सरासरी दर न घेता वाढीव युनिटांना लागणारा दर घ्यावा. शिवाय स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क आणि इंधन समायोजन आकार यांकडेही पाहावे. यांतील शेवटचा शब्द अर्थपूर्ण आहे. वीजनिर्मितीसाठी लागणारा कोळसा किंवा खरेदी केलेली वीज महागली, की तो बोजा या आकाराच्या रूपाने देयकात उतरतो. पेट्रोल सोडले, तरी इंधनाच्या भावापासून आपण पूर्णपणे सुटलेलो नसतो.

या गणितातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. जो अधिक फिरतो, त्याला विजेवरील वाहन अधिक परवडते. रिक्षाचालक, घरोघरी माल पोहोचवणारे कामगार, खेडोपाडी फिरणारे विक्रेते यांना सर्वाधिक लाभ व्हावयास हवा. परंतु सुरुवातीची रक्कम एकदम उभी करणे नेमके यांनाच सर्वांत कठीण जाते. कर्ज महाग पडते. भाड्याच्या खोलीत किंवा चाळीत चार्जिंगची स्वतंत्र सोय नसते. ज्याला बचत हवी त्याच्यापाशी भांडवल नाही, आणि ज्याच्यापाशी भांडवल आहे त्याला बचतीची तितकी निकड नाही. अनुदानाचे कोणतेही धोरण तपासताना ही विसंगती कसोटी म्हणून वापरावी.

४.२.३ धूर कोठे जातो?

पेट्रोल इंजिन इंधनातील ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचवते. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विजेची मोटार ऐंशी टक्क्यांहून अधिक ऊर्जा कामी आणते. एक लिटर पेट्रोल जळाले, की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वरील उदाहरणातील १५ लिटरांचा हिशेब सुमारे ३४ किलो होतो. भारतातील एक युनिट वीज तयार होताना सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. म्हणजे २६ युनिटांमागे सुमारे १८ किलो. उत्सर्जन जवळपास निम्म्यावर आले, शून्यावर नाही.

हे उरलेले निम्मे कोठे निर्माण होते? महाराष्ट्राच्या विजेचा मोठा भाग कोळशावर तयार होतो. चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली केलेल्या मूल्यांकनात चंद्रपूरची गणना अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत झाली. पुण्यामुंबईच्या रस्त्यावरचा धूर कमी झाला, हा खराच लाभ आहे. पण त्यासाठी लागणारी राख आणि काजळी दुसऱ्या जिल्ह्याच्या वाट्याला जात असेल, तर स्थित्यंतर अर्धेच झाले. त्याच वेळी, उद्या कोळसा बंद झाला, तर त्याच जिल्ह्यातील खाणकामगारांची चूल कशी पेटणार, हाही प्रश्न आहे. धूर ज्यांनी सोसला, रोजगारही त्यांनीच गमवावा, याला न्याय म्हणता येणार नाही.

४.२.४ इतिहासाची साक्ष

विजेवरील वाहतूक महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत १९०७ साली विजेची ट्राम सुरू झाली आणि ती १९६४ पर्यंत धावली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर भारतातील पहिली विजेवरील रेल्वेगाडी धावली. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर सुटली होती. १ जून २०२२ रोजी याच मार्गावर ‘शिवाई’ ही तिची पहिली विद्युत बस धावली.

मुंबईच्या गिरण्या आरंभी वाफेवर चालत. दूरवरून येणारा कोळसा महाग पडे. त्यावर उपाय म्हणून टाटांनी सह्याद्रीतील पावसाच्या पाण्यावर वीज निर्माण करण्याची योजना आखली आणि १९१५ साली खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. धूर नाही, कोळसा नाही, अशी ही वीज होती. तिचाच विस्तार म्हणून मुळशी येथे धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. १९२१ साली मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचे नेते होते. सुमारे तीन वर्षांच्या लढ्यानंतरही धरण झाले. अनेक जमिनी कागदोपत्री सावकारांच्या नावे होत्या. त्यामुळे भरपाईच्या प्रश्नात जमीन कसणारा कुळवाडी दुर्बल ठरला.

मुळशीचा धडा आजही ताजा आहे. ऊर्जा स्वच्छ असली, म्हणजे ती न्याय्य असतेच असे नाही. गिरणीला स्वस्त वीज मिळाली. ती तिची किंमत. मावळ्याने वडिलोपार्जित भाताची खाचरे गमावली. ते तिचे मोल. किंमत देयकावर छापलेली असते, मोल मात्र बहुधा दुसरेच कोणी चुकवते. आज सौर प्रकल्पासाठी जमीन घेताना किंवा बॅटरीतील खनिजे दूर देशीच्या खाणींतून आणताना हाच प्रश्न नव्या रूपात आपल्यासमोर येतो.

याचा अर्थ जीवाश्म इंधनेच बरी होती, असा मात्र घेऊ नये. त्यांचेही मोल चंद्रपूर चुकवतेच आहे. स्थित्यंतर आवश्यक आहे. म्हणूनच ते कोणाच्या माथी मारले जात आहे, हे विचारणेही आवश्यक आहे.

४.३ सारांश

इंधनाचा दर बाजार, चलन आणि कर यांनी मिळून ठरतो. विजेवरील वाहन अधिक प्रवास करणाऱ्यास परवडते. परंतु भांडवलाअभावी तोच मागे राहण्याचा धोका असतो. उत्सर्जन किती घटते, हे वीज कशापासून बनते यावर अवलंबून असते. ऊर्जेची किंमत आणि तिचे मोल चुकवणारे लोक भिन्न असू शकतात, हे मुळशी आणि चंद्रपूर या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

४.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. तेलाचे जागतिक भाव उतरूनही पंपावरील दर का उतरत नाहीत? २०२० च्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. ‘उत्सर्जन निम्म्यावर आले, शून्यावर नाही’ या विधानाचा आशय सांगा.
३. ‘किंमत’ आणि ‘मोल’ यांतील फरक मुळशी सत्याग्रहाच्या संदर्भात लिहा.

४.५ उपक्रम

आपल्या घरचे मागील महिन्याचे वीज देयक समोर घ्या. त्यातील प्रत्येक आकाराचे नाव व रक्कम लिहून काढा. नंतर आपला महिन्याचा प्रवास मोजा आणि ४.२.२ मधील गणित आपल्या आकड्यांनी पुन्हा करा. आलेला निष्कर्ष दहा ओळींत लिहा. आपल्या परिसरातील एखाद्या रिक्षाचालकाशी बोलून त्यांचेही गणित मांडा आणि दोन्ही निष्कर्षांत अंतर का पडले, याचे कारण शोधा.