डॉक्टर व्हायचंय? शिरूर-दौंडच्या पालकांसाठी खर्चाचा हिशेब

दहावीचा निकाल लागला की क्लासवाले दारात येतात. 'इंटिग्रेटेड'चं पॅकेज लाखाच्या घरात जातं. हातगाडीवर किंवा शेतमजुरीवर चालणाऱ्या घराने एवढं कर्ज काढण्याआधी फुकट किंवा सवलतीत काय मिळतं ते पाहून घ्यावं. क्लासच्या फीआधी कागदांकडे लक्ष द्या. पुढच्या बहुतेक सवलती त्यांच्यावरच अडतात.

शाळेत असताना
आठवीत एनएमएमएस परीक्षा द्यावी. गुणवत्ता यादीत निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. अट अशी, की शाळा सरकारी किंवा अनुदानित हवी आणि पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. जिल्ह्याचं नवोदय विद्यालय शिरूर तालुक्यातच, शिक्रापूरला आहे. प्रवेश सहावीला होतो, रिकाम्या जागांवर नववी आणि अकरावीलाही. राहणं, जेवण, शिक्षण मोफत. नववीपासून महिना ६०० रुपये विकासनिधी असतो, पण मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील मुलांना तो माफ आहे.

अकरावी-बारावी
एसटीचा पास ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत मोफत, मुलांना एक तृतीयांश भाड्यात. नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा पाया एनसीईआरटीची पुस्तकं. ती संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी 'महाज्योती' मोफत ऑनलाइन शिकवणी देते. त्यासाठी जाहिरातीवर नजर ठेवावी. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' हा उपक्रमही गरीब मुलांना नीटची तयारी मोफत करून देतो.

कागद
जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर आणि जात पडताळणी. शेवटच्याला सर्वाधिक वेळ लागतो. पडताळणीचा अर्ज बारावी विज्ञानला असतानाच कॉलेजमार्फत करा. अनुसूचित जातीसाठी १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी १९६१ आणि ओबीसीसाठी १९६७ च्या आधीची नोंद शोधावी लागते: आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावनमुन्यातली नोंद. ती मोडी लिपीत असेल तर लिप्यंतर आधीच करून घ्या. केंद्रीय आणि राज्य नॉन-क्रिमिलेअरचे नमुने वेगळे असतात. नीटच्या अर्जात केंद्रीय यादीचा प्रवर्ग लागतो. सेतू केंद्रात दरपत्रकापेक्षा जास्त देऊ नका, पावती मागा.

परीक्षा फी
नीट २०२५ ची फी अशी होती: खुला प्रवर्ग १,७०० रुपये, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस १,६००, अनुसूचित जाती-जमाती १,०००.

प्रवेशानंतर
बारामतीचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०१९ पासून सुरू आहे, दौंडकरांना ते पुण्यापेक्षा जवळचं. ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींचं कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश सरकारी फेरीतूनच हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. पुण्यात शिकणाऱ्या अनुसूचित जातीच्या मुलांना शासकीय वसतिगृह मिळालं नाही, तर 'स्वाधार'मधून वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. त्यासाठी उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं.

एमबीबीएस हुकलं तरी वाट बंद होत नाही. बी.एस्सी. नर्सिंग आहे. मूलभूत विज्ञान घेऊन बी.एस्सी. करणाऱ्या, बारावीत बोर्डाच्या पहिल्या एक टक्क्यातल्या मुलांना 'इन्स्पायर'मधून वर्षाला ८०,००० रुपये मिळतात. क्लासला हप्ता भरण्याआधी पडताळणीचा अर्ज भरा. रिपीटचं वर्ष घ्यायचं असेल तर त्याचा खर्चही आत्ताच वहीत मांडा.