जुन्या नादारीचा निकाल कसा लावावा?

न्यायालयानें मनुष्यास नादार ठरविलें म्हणजे त्याचें कर्ज फिटलें, अशी समजूत खेडोपाडीं फार आहे. ती चुकीची आहे. नादार ठरणें ही पहिली पायरी होय. शेवटची पायरी मुक्ततेच्या हुकुमाची. ती न चढतां कागद पेटींत बांधून ठेवल्यास त्याचा जाच मुलांबाळांसही होतो. म्हणून या विषयाचा येथें विचार करूं.

मुंबई शहराबाहेर १९२० चा प्रांतिक नादारीचा कायदा लागू आहे. २०१६ सालीं नवा कायदा झाला खरा. परंतु त्यांतील व्यक्तींविषयींचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलांत आला, तो कंपन्यांच्या कर्जास जातीनें जामीन राहिलेल्यांपुरताच. शेतकऱ्याचें जुनें प्रकरण १९२० च्या कायद्यानेंच पाहावें लागतें.

नादार ठरवितांना न्यायालय कलम २७ अन्वयें मुक्ततेच्या अर्जास मुदत घालून देतें. मुक्तता होईपर्यंत नवी मिळणारी मिळकतही कलम २८ प्रमाणें न्यायालयाकडे वा रिसीव्हराकडे जाते. समजा, एक शेतकरी १९९८ सालीं नादार ठरला, मुक्ततेचा अर्ज राहिला आणि २०१५ सालीं वडील वारले. वारसाहक्कानें आलेला हिस्सा सातबारावर त्याच्या नांवें चढला, तरी कायद्यानें तो त्याचा राहत नाहीं. तो विकल्यास विकणारा व घेणारा दोघेही अडचणींत येतात. शेतीचीं अवजारें, आवश्यक बैल व बियाणें, राहतें घर हीं मात्र जप्तीबाहेर असल्यानें वाचतात. शिवाय नादारी न सांगतां पन्नास रुपये वा अधिक उधार घेणें हा कलम ७२ प्रमाणें गुन्हा आहे.

मुदतींत अर्ज न केल्यास कलम ४३ प्रमाणें नादारीचा हुकूम रद्द करावयाचा असतो. हें ऐकून कित्येकांस बरें वाटतें. परंतु रद्द होणें व मुक्त होणें यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. मुक्ततेनें कर्ज जातें. हुकूम रद्द झाल्यास नादारी जाते, कर्ज उरतें. इतकेंच नव्हे, तर ज्या सावकारानें आपलें येणें नादारीच्या कामांत शाबीत केलें असेल, त्याच्या फिर्यादीच्या वा दरखास्तीच्या मुदतींतून नादारीचा सारा काळ कलम ७८ प्रमाणें वगळला जातो. मुदतबाह्य समजलेलें कर्ज असें पुन्हां दारीं उभें राहतें.

तेव्हां करावयाचें काय?

१. नादारीचा हुकूम, कर्जांची यादी, रिसीव्हराचा अहवाल व रोजनामा यांच्या नकला घ्याव्या. हुकूम रद्द झाला आहे कीं कायम आहे, हें प्रथम पाहावें.

२. कायम असल्यास विलंबाचें सबळ कारण दाखवून मुदतवाढ मागावी व कलम ४१ खालीं मुक्ततेचा अर्ज करावा.

३. मिळकत बिनतारण कर्जाच्या रुपयास आठ आणेही भरत नसेल, तर तो आपला दोष नव्हे असें दाखविल्याखेरीज बिनशर्त मुक्तता मिळत नाहीं. दुष्काळ वा गारपीट हें कारण असल्यास त्या सालांची आणेवारी व पंचनामे जोडावे.

४. शाबीत कर्जें पूर्ण फेडतां येत असल्यास कलम ३५ प्रमाणें हुकूम रद्द करून घ्यावा; तो रद्द होणें हिताचेंच. अंशतः देणें शक्य असल्यास कलम ३८ प्रमाणें तडजोड सुचवावी.

सरकारी देणें, कपटानें केलेलें कर्ज व पोटगी यांतून मुक्ततेनेंही सुटका नाहीं. बाकीचें ओझें उतरतें. मात्र तें उतरविण्याचा अर्ज ऋणकोनेंच केला पाहिजे. ज्यांच्या घरीं असें दप्तर पडून असेल, त्यांनीं जमिनीची वांटणी वा विक्री करण्यापूर्वीं तें जाणत्या वकिलापुढें उघडावें.